दोनशे बारा टाके

चौकटवाल्यानं कापड टेबलावर पसरलं, वरचा दिवा लावला, चष्मा कपाळावर ढकलला आणि कापडाची एक बाजू जराशी उचलून धरत विचारलं, "हा तुकडा दुसऱ्या कुणी भरलाय का हो?"

ती तेव्हा त्याच्या मागे टांगलेल्या लाकडी पट्ट्या बघत होती. राखाडी घ्यावी की काळी, एवढाच प्रश्न घेऊन ती आली होती आणि काळी नको हे दुकानाच्या पायरीवरच ठरलं होतं.

"कुठला तुकडा?"

"हा काय." त्यानं कापडाला न टेकवता बोट हवेतच फिरवलं, तळहाताएवढं. "इथं उजेड उलटा पडतोय. हात बदललाय."

"सगळं मीच भरलंय. पहिल्या टाक्यापासून."

"असेल बुवा. मी आपला तीस वर्षं लोकांची भरतकामं ताणून बसवतोय, म्हणून म्हटलं. काच लावली की कुणाच्या बापाला कळायचं नाही. बसवू असंच?"

तिनं वाकून पाहिलं. आधी काहीच दिसलं नाही. मग त्यानं कापड आणखी बोटभर उचललं आणि दिसलं. आणि एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना. मखमलीवर कुणी उलटा हात फिरवून ठेवावा तसा एक डाग, खालच्या अंगाला, उजवीकडे. रंग तोच, दोरा तोच, घरंही मोजून तेवढीच. फक्त तिनं भरलेल्या राखाडी भिंतीवर बाकी सगळीकडे उजेड एका कुशीवर निजला होता आणि तेवढ्या जागी कूस पालटून पडला होता. "नको," ती म्हणाली, "मी परत आणते." कापड गुंडाळताना तिनं भरलेली बाजू आत घेतली. असं ती कधी करत नसे.

फुलीच्या टाक्यात दोन टाके असतात. एक खाली पडतो, दुसरा त्याला छेदून वर बसतो, आणि वरचा कायम एकाच दिशेनं गेला पाहिजे. डाव्या पायाकडून उजव्या खांद्याकडे, असं ती स्वतःशी म्हणत असे, जणू प्रत्येक फुली म्हणजे समोर उभं असलेलं एक छोटं माणूस आहे. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. कॉलेजात असताना तिनं भरतकामाचं पहिलं पाकीट विकत आणलं होतं, नमुना आणि दोरे आतच असलेलं, तळं, दोन बदकं, कौलारू घर, आणि तळं भरून झालं तेव्हा ते पाण्यासारखं दिसण्याऐवजी खरूज झाल्यासारखं दिसत होतं. आईनं ते कापड हातात घेतलं, पुढची बाजू पाहिलीच नाही, सरळ उलटं केलं. "मागची बाजू बघावी माणसानं," आई म्हणाली, "पुढून काय, सगळेच हसतात." मागे गाठीच गाठी होत्या. आई जाऊन आता चार वर्षं झाली होती आणि लेकीच्या कापडांच्या मागे आता एकही गाठ नसे. पण दाखवायला कुणी उरलं नव्हतं, आणि आता भर रस्त्यात, गुंडाळी काखेत धरून चालताना तिला वाटलं की आईनं आत्ता हे कापड उलटं केलं असतं तर ती कुठे बोट ठेवून थांबली असती.

त्या बदकांनंतर तिनं पाकीट पुन्हा आणलं नाही. नमुने ती स्वतः काढी, चौकोनांच्या वहीत, पेन्सिलीनं. प्रयोगशाळेत तिचं काम पेशी मोजण्याचं. काचेच्या पट्टीवर कोरलेले सूक्ष्म चौकोन, त्यात पसरलेला रक्ताचा थेंब, आणि एकेक घर मोजत जायचं. जी पेशी रेषेवरच बसलीय तिचा नियम ठरलेला: वरच्या आणि डाव्या रेषेवरची मोजायची, खालच्या आणि उजव्या रेषेवरची सोडून द्यायची, म्हणजे एकच पेशी दोन घरांत धरली जात नाही. दिवसभर असं पाहिल्यावर रस्ताही चौकोनांत दिसू लागे. औषधाच्या अर्ध्या संपलेल्या पट्टीवरचे फुटलेले फुगे तिला भरावेसे वाटले, तिनं भरले. न्हाणीघरातल्या निघून गेलेल्या फरशीची जागा भरली. आई आजारी असताना तिच्या उशीवर डोक्यानं पडलेला खळगा तिनं आठ प्रकारच्या पांढऱ्यांत भरायला घेतला होता, तो अर्धाच राहिला. फोनवर भरतकाम करणाऱ्या बायकांचा एक गट होता; तिथे मांजरं आणि फुलदाण्या आणि 'माझं घर, माझा स्वर्ग' यांची रोज रांग लागे. तिनं फरशी टाकली तेव्हा एक जण म्हणाली होती, "छान आहे गं, पण ही भरून पूर्ण कधी करणार?" आणि बाकीच्यांनी हसरे चेहरे डकवले होते. मत्सर नव्हता त्यात. त्यांना खरंच कळत नव्हतं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला होता.

भिंत तिनं पोटुशी असताना भरायला घेतली. सहाव्या महिन्यापासून डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं आणि पलंगावरून खिडकीत दिसे ती फक्त समोरच्या इमारतीची पाठ. खिडकी नाही, पाइप नाही, नुसता गिलावा. पहिला आठवडा ती भिंतीकडे पाठ करून निजली. दुसऱ्या आठवड्यात तिला दिसलं की ती भिंत सकाळी निळसर असते, दुपारी कणकेसारखी, आणि संध्याकाळी तिच्यातून एक ओल वर येते, डावीकडून, श्वास घेतल्यासारखी. सतरा राखाडी रंग तिनं त्यात मोजले. दोऱ्याच्या लड्या तिनं नवऱ्याला आणायला सांगितल्या तेव्हा तो दुकानातून फोन करून म्हणाला होता, "अगं, हे सगळे एकच रंग आहेत. दुकानदार हसतोय माझ्याकडे बघून. पोरगी व्हायचीय आपल्याला की पाऊसपाणी?" तेव्हा ती हसली होती. पोट हलायचं, कापड हलायचं, सुई थांबायची. जन्माच्या आदल्या आठवड्यापर्यंत अर्ध्याहून जास्त भिंत उभी राहिली होती. मग दोन महिने तिनं सुईला हात लावला नाही, आणि मग नोकरीवर जाऊ लागल्यावर रोज संध्याकाळी थोडी थोडी भरून ती परवा पूर्ण केली. दोन महिने सुईला हात लावला नाही, हे वाक्य तिनं इतक्या जणांना इतक्यांदा सांगितलं होतं की ते तिला स्वतःच्या पत्त्यासारखं पाठ होतं.

आणि तो डाग बरोबर त्या दोन महिन्यांच्या जागी होता.

चौकातल्या दिव्याशी थांबून तिनं हे मोजून काढलं आणि पुढचं गणित आपोआप सुटत गेलं. सासूबाई डावखुऱ्या होत्या. टपालखात्यात तीस वर्षं पत्रांची वर्गवारी केलेल्या. करंगळीवर शाईचा एक डाग असा मुरलेला की आता तो तीळच झाला होता. "हात डावा, पण पत्र उजव्याच घरात पडायचं बरं का," हा त्यांचा विनोद तिनं शंभरदा ऐकला होता. डावखुरं माणूस सुई धरतं तेव्हा वरचा टाका उलटाच जातो. आठ दिवस राहते म्हणून नुसती एक पिशवी घेऊन आलेल्या सासूबाई सात महिने राहिल्या होत्या, आणि या सात महिन्यांत घरातली एकेक वस्तू तिच्या हातून सुटून त्यांच्या हातात गेली होती. गुंडीची आंघोळ गेली. गुंडी म्हणजे तिची मुलगी, नाक शर्टाच्या गुंडीएवढं म्हणून. "आण, मी घालते, तुझे हात दमलेत." दमलेले नव्हते. मग न्हाणीघराची कडी गेली, "लोटून घेत जा नुसतं, ती अडकते कधीकधी." मग कात्री, तिची टोकदार, बगळ्याच्या चोचीची दोरा कापायची कात्री रोज फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर सापडे, जिथे उंच सासूबाईंचा हात सहज जाई आणि तिचा खुर्चीशिवाय पोचत नसे. "लेकरू रांगायला लागेल," सासूबाई म्हणत. लेकरू तेव्हा मानही धरत नव्हतं. ती पोरीला घेऊन खिडकीशी उभी राहिली की मागे चपलांचा आवाज येऊन थांबे, आणि मागे वळून पाहावं तर सासूबाई पडद्याची धूळ झटकत असत. किती पडदे झटकावेत माणसानं. आणि आता भिंत. रिकामं कापड दिसलं, बसल्या बसल्या भरून टाकलं. सांगितलंही नाही. तिला इतका संताप आला की दिवा हिरवा होऊन पुन्हा लाल झाला तरी ती तिथेच उभी होती.

घरी दुपारचा उजेड चटईवर पडला होता. गुंडी पालथी पडून स्वतःच्या मुठीकडे मोठ्या संशयानं बघत होती आणि सासूबाई तिच्याजवळ बसून फडक्याच्या घड्या घालत होत्या, डाव्या हातानं, भराभर, जणू प्रत्येक फडक्यावर पत्ता लिहिलाय.

"झाली का चौकट?"

"आई, एक विचारू? माझ्या भरतकामाला तुम्ही हात लावला होतात?"

"कुठल्या?"

"या." तिनं कापड त्यांच्या मांडीवरच उलगडलं, घड्यांवर. "हा एवढा भाग. इथून इथपर्यंत."

सासूबाईंनी कापड लांब धरलं, जवळ धरलं. "मला तर बाई सगळी भिंतच दिसते," त्या म्हणाल्या. मग ती हसत नाही हे पाहून त्यांनीही हसू आवरलं. "हा भाग कधीचा?"

"मी दवाखान्यातून घरी आल्यानंतरचा. तेव्हा मी सुईला हातच लावला नव्हता. हे भरलंय कुणी?"

सासूबाईंनी कापड उलटं केलं. मागची बाजू त्यांनी बराच वेळ पाहिली; अंगठा एका जागी फिरवला, मग परत फिरवला. चटईवर गुंडीनं काहीतरी लांबलचक सुनावलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं, आणि कापडाची नीट घडी करून म्हणाल्या, "मग मीच भरला असेन."

"असेन म्हणजे?"

"म्हणजे भरला. पडलं होतं तुझं तसंच. म्हटलं, हात रिकामाच आहे…"

"सात महिने तुम्ही हे मला सांगितलं नाहीत!"

"राहून गेलं गं."

या 'राहून गेलं'नं काय झालं कोण जाणे. ती बोलत सुटली. स्वतःचा आवाज तिला शेजारच्या घरातून यावा तसा ऐकू येत होता. आंघोळ, कडी, कात्री, पडदे, सगळं एकामागून एक, दोऱ्याची लडी गुंता होऊन यावी तसं. "माझं म्हणून या घरात काही आहे की नाही? पोर तुमची, स्वयंपाकघर तुमचं, एक कापड होतं वीतभर, तेही सोडवेना तुम्हाला? माझ्या पोरीला मी उचलली की तुमच्या छातीत धडधडतं, दिसतं मला. काय टाकून देणार आहे का मी तिला?"

सासूबाईंच्या हातातलं फडकं तिथेच थांबलं.

"तुम्ही आता तुमच्या घरी गेलात तरी चालेल. मी पाळणाघर बघून ठेवलंय."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, फडक्याची ती घडी पुरी करून, "उद्या दुपारी जाते. हिची सकाळची आंघोळ तेवढी आटपून."

संध्याकाळी नवरा आला. आईची पिशवी पलंगावर उघडी बघून त्यानं हातातली किल्लीही खाली ठेवली नाही. "चार टाक्यांवरून? अगं, काय हे. कुणाला दिसणारेत ते?"

"मला दिसतायत."

"बरं, तुला दिसतायत. पण आईनं आत्ता जायला नको. अजून नको."

"अजून म्हणजे कधीपर्यंत?"

"डॉक्टर म्हणाल्या होत्या की…" तो थांबला.

"कुठल्या डॉक्टर?"

"गुंडीच्या गं. दात येताना घरचं माणूस असावं म्हणून." आणि तो पाणी प्यायला आत गेला, आणि आत नळ बराच वेळ नुसताच वाहत राहिला.

रविवारी सकाळी न्हाणीघरातून पाण्याचा आणि सासूबाईंच्या बडबडीचा आवाज येत होता, दार नुसतं लोटलेलं. ती पलंगावर बसली होती. नवऱ्याला एकदा दाखवून द्यायचं असं तिनं ठरवलं होतं. दर रविवारी भिंतीचा फोटो काढून ठेवायची तिची सवय होती, भरतकाम करणाऱ्या सगळ्याच बायका ठेवतात, किती पुढे सरकलं ते बघायला. जन्माआधीचा शेवटचा फोटो शोधायचा, त्यात ती जागा कोरी दाखवायची, संपलं. फोनमध्ये ती मागे मागे जाऊ लागली. गुंडी बसलेली, गुंडी पालथी, गुंडी नुसती गाठोड्यासारखी. शेकडो फोटो, बहुतेक नवऱ्यानं पाठवलेले. त्या पहिल्या दोन महिन्यांकडे ती कधी मागे गेली नव्हती. का गेली नव्हती? वेळ नव्हता, असं ती म्हणाली असती. त्या दिवसांचं तिला फारसं काही आठवत नसे. दुधाचा आंबूस वास, खिडकीतली भिंत, आणि कुठेतरी दूर, वरच्या मजल्यावर असावी तशी, एक शिटी सारखी वाजत असलेली. शिटी कसली होती ते तिनं कधी कुणाला विचारलं नाही. तिची आई हसत हसत सांगायची, "तू दोन महिन्यांची असताना तुला ओट्यावर ठेवून मी गच्चीत जाऊन बसले होते. शेजारणीनं आणून दिलं तुला, म्हणाली, ही तुमचीच ना?" आणि ऐकणारे हसत, आणि तीही हसत असे, कारण गोष्ट तिची होती आणि तिला काही झालं नव्हतं.

जन्माआधीचा फोटो सापडला. ती जागा कोरी होती, पांढरी. तिचा अंगठा पुढे सरकला आणि तिथे भिंत पुन्हा आली.

जन्मानंतरचा चौथा आठवडा. कापड तिच्या गुडघ्यांवर होतं, तिच्याच, हिरव्या ठिपक्यांच्या गाऊनमधल्या. कापड आडवं फिरवलेलं होतं, वरची बाजू उजवीकडे, कारण सरळ धरलं तर त्याची खालची कड मांडीशेजारी ठेवलेल्या पोरीच्या तोंडावर येत होती. कापड असं पावभर फिरवून भरलं की हातानं सरळच घातलेला टाका सरळ करून पाहिल्यावर उलटा दिसतो. हे कुठल्याही भरणाऱ्या बाईला झोपेत विचारा. कापडाला टोचून ठेवलेली सुई, तिची. कड धरलेला डावा हात, तिचा, नखं वाढलेली. कोऱ्या जागेत राखाडी फुल्यांची एक ओळ सुरू झाली होती. आणि फोटोच्या खालच्या कोपऱ्यात, उजवीकडे, रेषेवर कापली गेलेली, गुंडी. डोळे मिटलेले, चेहरा लाल, तोंड उघडं. फोटोला आवाज नसतो. तोंड किती उघडं आहे त्यावरून आवाज कळतो.

वेळ दहा वाजून चाळीस मिनिटं.

पुढचा फोटो त्याच दिवसाचा. तोच गाऊन, तेच गुडघे. बारा वाजून पाच. ती दोन बोटांनी चित्र मोठं करून मोजू लागली, कारण मोजता येण्यासारखं तेवढंच समोर होतं. आधीच्या फोटोतले टाके सोडून ओळीत सोळा, ओळी तेरा, शेवटच्या ओळीत आणखी चार. दोनशे बारा. एकही टाका चुकलेला नव्हता. ताण एकसारखा, कोपरे नेमके. तिनं आजवर भरलेल्या कुठल्याही तुकड्यापेक्षा सुबक होतं ते. तिचा वेग तिला ठाऊक होता, मिनिटाला अडीच टाके, त्याच्या वर ती कधी जात नाही आणि खाली येत नाही. दोनशे बारा भागिले अडीच. पंच्याऐंशी मिनिटं. मध्ये ती उठली नव्हती. मध्ये उठायला एक टाक्याचीही जागा नव्हती.

कोपऱ्यात गुंडी तिथेच होती, तसंच तोंड, आता लाल नाही, जांभळटशी. आणि तिच्या मानेखाली फोटोच्या कडेबाहेरून एक हात आत येत होता. डावा. घाईनं आल्यामुळे पुसट झालेला. पण करंगळीवरचा डाग दिसत होता.

सासूबाईंकडे किल्ली असायची. त्या तेव्हा दिवसाआड येऊन जात. त्या दिवशी त्यांनी दार उघडलं असेल, आणि आवाज जिन्यातूनच ऐकू आला असेल, आणि आत येऊन त्यांनी काय पाहिलं असेल ते आता तिच्याही हातात होतं: सून फोन धरून नीट उजेड बघत भिंतीचा फोटो काढतेय. त्याच दिवशी नुसती एक पिशवी घेऊन त्या राहायला आल्या होत्या. आठ दिवस.

न्हाणीघरात पाणी ओतल्याचा आवाज झाला आणि गुंडी खिदळली. फोन तिच्या मांडीवर होता. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. सकाळची निळसर, तिच्या ओळखीची. कडी अडकत नव्हती. ती कडी कधीच अडकली नव्हती. कात्री वरच्या फळीवर लेकरू रांगेल म्हणून गेली नव्हती. पडद्यांवर धूळ नव्हती. सात महिन्यांची एकेक फुली जागच्या जागी होती, फक्त उजेड आता दुसऱ्या अंगानं पडत होता. आणि नवऱ्याला माहीत होतं. आणि एक डॉक्टर होत्या, ज्यांना माहीत होतं. आणि काल चटईवर बसून सासूबाईंनी कापडाच्या मागच्या बाजूवर अंगठा फिरवला तेव्हा एकही गाठ हाताला न लागल्यानं त्यांनाही पुरतं कळलं असणार की हा कुणाचा हात. आणि त्यांनी तो स्वतःच्या अंगावर घेतला, फडक्याची घडी घालावी तितक्या सहज. कृतज्ञता वाटायला हवी, तिला वाटलं. तिनं वाट पाहिली. आली ती कडू लाळ, जिभेच्या मुळाशी. कुणीतरी आपल्याला इतकं वाचवावं, आपल्यापासून, आपल्याच घरात, आपल्याला न विचारता. आणि आपण तेवढे दिवस कडीवरून भांडत राहावं.

"घे गं, झाली राणीसाहेबांची स्वारी," सासूबाई टॉवेलात गुंडाळलेली गुंडी घेऊन आल्या. तिच्या मांडीवरचा फोन त्यांनी पाहिला. चित्र अजून उजळलेलं होतं. त्यांनी पोर तिच्या हातात दिली आणि त्या तिथेच उभ्या राहिल्या, पडदा झटकायलाही गेल्या नाहीत.

गुंडी जड लागली. ओली, गरम, साबणाच्या वासाची, आणि आठ महिन्यांची. तिनं मुठीत आईची बट पकडली आणि जोरात ओढली. ती पकड पाहून तिला वाटलं की हिला काहीच आठवत नसणार, आणि लगेच वाटलं, कशावरून? तिनं पोरीला छातीशी धरलं, आणि धरताना आपला हात कुठे आहे, किती घट्ट आहे, हे तिनं पहिल्यांदाच तपासलं. पुढे आता रोज तपासावं लागणार होतं. पलंगाच्या दुसऱ्या टोकाला पिशवी भरून तयार होती, बंद बांधलेले. दुपार व्हायला दोनच तास होते. 'जाऊ नका' म्हणायचं तर 'मला कळलं' म्हणावं लागणार होतं, आणि ते म्हटलं की त्या दोघींच्या मध्ये तो फोटो कायमचा टांगला जाणार, काच लावून. न म्हणावं तर उद्यापासून या खोलीत ती, पोर आणि भिंत.

"आई."

"काय गं?"

"कात्री हवी होती. तो तुकडा उसवून टाकते म्हटलं."

सासूबाईंनी फडताळाकडे पाहिलं नाही. त्यांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं, नीट, पत्त्यावरचं अक्षर लागत नसलं की बघतात तसं. मग दोन्ही हात पुढे केले.

"आधी हिला दे इकडे."

तिनं बट सोडवली, एकेक बोट उलगडून, आणि पोर दिली. ती उजव्या खांद्यावर नीट बसली याची खात्री करून मगच सासूबाईंचा डावा हात वर गेला आणि वरच्या फळीवरून कात्री काढून त्यांनी ती तिच्यापुढे धरली, टोक स्वतःकडे, मूठ तिच्याकडे.

"पिशवी," ती म्हणाली.

"असू दे तिथेच. बघू," सासूबाई म्हणाल्या.

तिनं कापड उलगडून मांडीवर घेतलं, सरळ, आणि मागच्या बाजूनं पहिल्या टाक्याखाली चोच सरकवली. सासूबाई पोरीला थोपटत दारात उभ्या होत्या. दार त्यांनी उघडंच ठेवलं होतं, आणि तिनं ते लावून घ्यायला सांगितलं नाही.